बुबूने वाळवलेला कोट

बुबू, कोट काल वाळला. तू बघायचीस तसा मधोमध तळहात दाबून बघितला. हात उचलला आणि तो हळूहळू वर आला. म्हणजे झालं. तू असतीस तर मशेरीचं बोट पदराला पुसून "उठला" एवढंच म्हणाली असतीस. आणि मी नेहमीप्रमाणे काहीतरी खोट काढली असती. उजवी बाही अजून जड लागते, नाहीतर गळ्यापाशी वास येतो, असं काहीतरी. काल खोट काढायचं मनातच आलं नाही, आणि ऐकून घ्यायला तू नव्हतीस.

तू गेलीस तेव्हा मी बसऱ्याच्या फेरीवर होतो. तिथे उन्हाळ्यात बोटीचं लोखंड इतकं तापतं की कठड्याला हात लागला तर कातडी सोलवटते. आम्ही ओली चादर अंगावर घेऊन डेकवर पडायचो आणि देवाकडे थंडी मागायचो. त्याच दिवसांत तू इथे राजिवड्याच्या घरात, बाहेर पाऊस कोसळत असताना, हिवतापाने कुडकुडत होतीस. मला हे मुंबईला उतरल्यावर गाववाल्यांच्या खोलीवर कळलं. कोणी सांगितलं ते आता आठवत नाही. त्याने पाणी पुढे केलं आणि मी ते प्यायलो, एवढं आठवतं.

रत्नागिरीच्या बंदरावर उतरलो तर तुझी भावजय, जैनब, एकटी उभी होती. आजवर प्रत्येक वेळी तू असायचीस. माझ्यासाठी आलीस असं मात्र कधी कबूल केलं नाहीस. "मासली घेवाला आलूं व्हतू," असं म्हणायचीस, आणि हातात रिकामी टोपली. बोट लागायच्या वेळेला बंदरावर मासळीच नसते हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. या वेळी जैनबच्या हातात टोपली नव्हती. मला त्याचाच राग आला. माणूस कशावर चिडेल सांगता येत नाही.

घरात शिरलो आणि पहिली नजर गेली ती आढ्याकडे. कोट तिथेच होता, तुझ्या जुन्या लुगड्यात सैल गुंडाळलेला. खाली जमिनीवर ती जागा, जिथे तुझं अंथरूण होतं. मधे एका माणसाच्या उंचीचंसुद्धा अंतर नाही. मी जैनबकडे वळून ओरडलो, "हा होता ना घरात? मग अंगावर का नाही घातलास तिच्या?"

जैनबला तू ओळखतेस. ती माझ्यापुढे आवाज चढवत नाही. खाली बघत म्हणाली, "घालत व्हतू. काढून आनला पन. बुबू म्हनाल्या, नको, घामान भिजेल. पावसात सुकायचा नाय. इब्राम कावेल."

इब्राम कावेल. बुबू, तुझ्या तोंडचे जवळजवळ शेवटचे शब्द हे. माझं नाव आणि माझा राग.

आता तो कोट घरात आला त्या दिवसापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने तू कधी ऐकलेलं नाहीस.

तो मी लंडनच्या गोदीबाहेरच्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात घेतला. आदल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या समुद्रावर माझी बोटं अशी बधिर झाली होती की दोर हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. हा कोट अंगात घातला आणि पहिल्यांदा तिकडे जगता येईल असं वाटलं. मातकट हिरवा रंग, चौकोन चौकोन शिवलेले, आणि आत बदकाच्या पोटाखालची बारीक पिसं. पिसं कसली, लवच ती. घरी आणला तेव्हा तू एका हाताने उचललास, वर-खाली केलास आणि म्हणालीस, "ह्याचे पैसे दिलास? ह्याच्यात काय नाय." आत बदकाची पिसं आहेत म्हटल्यावर तुला आणखी घोर लागला. "आनि ह्याच्यात नमाज व्हते काय?" मी म्हटलं, बोटीवर सगळे पढतात. तेव्हा कुठे तू तो कोट खुंटीला लावू दिलास.

त्यानंतर मी जैनबला घेऊन जयगडला तिच्या माहेरी गेलो. मागे तू एकटी. कोटाला इंजिनाच्या तेलाचा वास होता, गळ्यापाशी मळाचा काळा पट्टा होता, आणि तुझ्या घरात मळका कपडा खुंटीला राहणं तुला कधी खपलं नाही. तू तो विहिरीवर नेलास. सोडा टाकून उकळत्या पाण्यात घातलास. दांडक्याने धोपटलास. शेजारच्या सरूकाकीला हाक मारून दोघींनी दोन टोकं धरून पिळलास, गोधडी पिळतात तसा. एवढ्यावर थांबली असतीस तरी निभावलं असतं. पण चांगल्या कपड्याला खळ दिल्याशिवाय तो घराबाहेर काढायचा नाही, ही आपल्या आईची शिस्त. तू भाताची पेज निवळून घेतलीस आणि कोट तिच्यात बुडवून काढलास.

आम्ही परत आलो तेव्हा तो अंगणाच्या दगडी गडग्यावर वाळत होता. वाळत कसला, उभा होता. दोन्ही बाह्या पसरून, कोणी आत नसताना उभा. तू ओट्यावरून मोठ्या कौतुकाने बघत होतीस. "बघ कसा ऱ्हायलाय. साहेब दिसशील."

मी हात लावला. आत सगळ्या पिसांचे गोळे झाले होते, पेजेने चिकटलेले, खडे भरल्यासारखे. चौकोनांच्या मधली जागा नुसतंच कापड. मी तो जमिनीवर आपटला, तेव्हा फळी पडल्यासारखा आवाज झाला. आणि मग मी जे बोललो ते तुला पाठ होतं. मलाही आहे. "तुला थंडी म्हणजे काय ठाऊक? रत्नागिरीबाहेर पाय तरी टाकलायस कधी? तिकडे माझं काही झालं ना, तर ते तुझ्यामुळे."

हे मी तुला बोललो. तुला, जिचा नवरा नाटे गावाहून मासेमारीला गेला तो परत आला नाही. जी तिथून पांढरं लुगडं नेसून आली ती आपल्या आईच्या आजारपणात, आणि आई गेल्यावर मला वाढवायलाच राहिली. समुद्राने घरातलं एक माणूस नेलं होतं. दुसरं नेलं तर त्याचा दोष तुझ्या माथी, असं मी सांगून टाकलं. कोट उचललास, त्याची माती झटकलीस आणि आत गेलीस. संध्याकाळी जेवायला वाढलंस तेव्हा नेहमीसारखंच वाढलंस. मला वाटलं, विसरलीस.

विसरणारी बाई अशी कामाला लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून तू त्या कोटाच्या मागे लागलीस. कोमट पाण्यात बुडवून ठेवायचीस, पेज सुटेल तसं पाणी बदलायचीस. मग रिठे भिजवून त्यांचा फेस काढलास आणि त्यात तो नुसता दाबायचीस, बाळाला न्हाऊ घालतात त्या हाताने. पिळायचं नाव नाही. मी मदतीला म्हणून बाही धरून उचलायला गेलो तर हातावर चापट मारलीस. "खालून धर. पान्यान जड झालाय, शिवन उसवेल." हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. एक शिवण तुझ्याच हातून उसवली होती, आणि तिच्यातून पिसं विहिरीवर उडाली होती. ती तू आणि सरूकाकीने चिमटीने गोळा करून परत आत भरलीत. सरूकाकी अजून सांगते, कोंबडी सोलतोय असं वाटून कावळे जमले होते.

वाळवायला तू तो वर कातळावर न्यायचीस. खाली मोहल्ल्यात खाडीचा दमटपणा, तिथे कपडाही नीट वाळत नाही, पिसं कुठली वाळणार. कातळावर चटई टाकून तो आडवा पसरायचीस, वर जुनं मऊ लुगडं, आणि शेजारी छत्री उघडून बसायचीस. थोड्या थोड्या वेळाने उलटायचीस. गुठळी हाताला लागली की कापडावरूनच दोन बोटांनी मोडायचीस, एकेक चौकोन, एकेक चौकोन. ऊन उतरायच्या आत घरी आणायचीस, दव पडून दिवसाची मेहनत जाऊ नये म्हणून. वास घेऊन बघायचीस. "अजून बदक हाय," म्हणायचीस, म्हणजे आत ओल आहे. मग दुसऱ्या दिवशी परत कातळ.

शेवटी तुझा तो खेळ. कोट चादरीत ठेवायचा, बरोबर चिंध्यांचे दोन-तीन चेंडू, आणि तू नि जैनब चादरीची टोकं धरून तो उडवायच्यात. चेंडू कोटावर आपटत, पिसं सुटी होत. मी ओट्यावर बसून चेष्टा करायचो, "लगीन कोणाचं हाय?" तू म्हणायचीस, "तुज्या बदकाचा." जैनब हसून चादर सोडायची, मग तू तिला ओरडायचीस. पुढे दर वर्षी मी घरी आलो की हे ठरलेलंच झालं. कोट आला, कोट धुतला, कोट वाळला, आणि मग इब्राम आला असं तुझ्या लेखी व्हायचं.

आणि दर वर्षी आपलं तेच भांडण. मी म्हणायचो, कोट टांगून वाळवायचा असतो, बोटीवर आम्ही इंजिनाच्या उबेला टांगतो. तू म्हणायचीस, "टांगलास तर सगली पिसा खाली बसतील, तुज्या अकलेसारखी." मी म्हणायचो, तू बोट बघितलीस का. तू म्हणायचीस, तू पिसा बघितलास काय. हे भांडण मिटलं नाही. मिटायचं कारण नव्हतं, कारण तुझं बरोबर आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं आणि मी ते कबूल करणार नव्हतो. बोटीवर टांगलेल्या कोटाची पिसं खरंच खालच्या चौकोनांत उतरतात. खांदे रिकामे पडतात आणि वारा थेट हाडात शिरतो.

तुझ्या हातून वाळलेला कोट मी घेतला होता त्याहून गरम असायचा. हे तुला मी एकदाही सांगितलं नाही. एका हिवाळ्यात पहाऱ्यावर असताना आमच्या टंडेलाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, माझ्या कोटाच्या खिशात हात घालून बघितला आणि विचारलं, इतका फुगलेला कसा राहतो, धुतं कोण? मी म्हणालो, मुंबईला लाँड्रीत टाकतो. बुबू, मी असं म्हणालो. घरी बहीण धुते म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? चार माणसांत मला ते गावंढळ वाटलं. समुद्रावर बर्फाचा चुरा पडत होता, मी आत उबेत होतो, आणि ज्या हातांची ती ऊब होती त्यांचं नाव घ्यायला मला लाज वाटली.

आता या वैशाखातलं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीची शेवटची बोट धरायची होती. फेरी बसऱ्याची, तेव्हा कोट घरीच ठेवला. निघताना ओट्यावर मी तुला बजावत बसलो. पावसात हात लावू नकोस. दाबून ठेवू नकोस. कोणाला देऊ नकोस. ओला झाला तर चार महिने वाळणार नाही, आतून कुजेल. तू मशेरी लावत ऐकत होतीस, दर वाक्याला "बरा" म्हणत होतीस. माझं संपल्यावर तू हसत विचारलंस, "आनि मना थंडी वाजली तर?"

मी म्हणालो, "तुला कशाला थंडी वाजतेय." ट्रंक उचलली आणि खाली उतरलो. मागे वळून बघितलं तेव्हा तू गडग्यापाशी उभी होतीस. काळ्या दातांनी हसत होतीस.

पुढचं जैनबने सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. तुला ताप एक दिवसाआड यायचा. दुपारी आधी हिव भरायचं, दात वाजायचे, खाट हलायची म्हणून तू जमिनीवर अंथरूण मागितलंस. दोन गोधड्या, त्यावर घोंगडी, तरी थांबेना. गोधड्या पावसाने सर्द झालेल्या. जैनबने कोट काढून आणला आणि तू तो हाताने दूर केलास. ती ऐकेना तेव्हा म्हणालीस, बघू दे तरी. तिने जवळ धरला. तू थरथरता तळहात त्याच्यावर दाबलास, उचललास, आणि तो वर येईपर्यंत बघत राहिलीस. म्हणालीस, "उठला. ठेव वर." तिने ठेवला. ती तरी काय करणार, घरात तुझा शब्द आणि तुझ्या शब्दामागे माझा.

मी आधी जैनबला दोष दिला, ते लिहिलंच. मग फवारणीवाल्यांना दिला. ते घरोघर भिंतींवर डासांचं औषध मारत आले होते आणि तू त्यांना कोंबड्या मरतील म्हणून हाकलून दिलंस, असं कळल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे तुझीच चूक. असं वाटल्याचीसुद्धा आता शरम वाटते, पण वाटलं ते वाटलं. मग डॉक्टरांकडे गेलो. तुला हिवतापाचं कोयनेल उशिरा सुरू झालं का, हे विचारायला गेलो होतो आणि विचारलं भलतंच. म्हटलं, अंगावर गरम कोट असता तर ती वाचली असती का? ते म्हणाले, कोटाने हिवताप जात नाही. ताप डोक्यात गेला होता, काहीही पांघरलं असतं तरी तेच झालं असतं.

मला धीर यावा म्हणून त्यांनी ते सांगितलं. मी धीर घेऊन बंदरापर्यंत आलो आणि तिथे तो संपला. कोटाने तू वाचली नसतीस, ठीक आहे. पण कुडकुडली नसतीस. शेवटच्या त्या दुपारी तुला ऊब मिळाली असती. मी त्या कोटात उभा राहून समुद्रावर पडणारा बर्फ बघितलाय, ती ऊब काय असते मला माहीत आहे. ती तुझ्या हातांनी तयार झालेली, तुझ्या डोक्यावर ठेवलेली, आणि तू तिच्याखाली दात वाजवत पडलेली. मी तुला म्हणालो होतो, तुला थंडी म्हणजे काय ठाऊक. तू ती ठाऊक करून घेतलीस आणि मला सांगायला थांबली नाहीस.

कबरीवर गेलो होतो. पावसाने माती खचली होती, ती सारखी केली. फातेहा पढलो. तिथे मला बोलता येईना. येताना जैनबला मी एक विचारलं, दफनाआधी तुला न्हाऊ घातलं तेव्हा पाणी कसं होतं. ती म्हणाली, कोमट होतं, तिनेच हात घालून बघितलं होतं.

कोट खाली काढला तेव्हा त्याला बुरशीचा वास येत होता. तू असतीस तर पावसात अधूनमधून चुलीच्या उबेला धरून उलटापालटा केला असतास. जैनब म्हणाली, धुवूया. मी म्हणालो, टाकून दे. ती सरळ रिठे भिजत घालायला गेली. आता मला वाटतं, ती तुझ्याकडून फक्त चादर उडवायला शिकली नव्हती.

मग आम्ही तो धुतला. बुबू, मी पहिल्यांदा धुतला. पाठ मोडते. तो पाण्यात बुडत नाही, वर वर येतो, दाबून धरावा लागतो, आणि दाबायचा तरी हळू. पाणी प्यायला की मेलेल्या वासरासारखा जड होतो. फेस जाता जात नाही. मी वैतागून एकदा पिळायला लागलो, तर जैनबने माझ्या हातावर चापट मारली. मारली आणि घाबरली. मी हसलो, आणि मग मला हसणं आवरेना, मग ते हसणं राहिलं नाही. ती विहिरीच्या काठाला तोंड फिरवून बसून राहिली, मला मोकळं होऊ दिलं.

दसऱ्यानंतरचं कडक ऊन होतं. कातळावरचं गवत पिवळं पडायला लागलंय. तुझी चटई, तुझं लुगडं, तुझी छत्री. मी बसलो. बसलो म्हणजे किती बसावं लागतं ते तेव्हा कळलं. समोर भाट्याची खाडी, तरीच्या होडीतून माणसं येतायत जातायत, आणि आपण एका जागी बसून बदकाच्या पिसांच्या गुठळ्या मोडायच्या. डोकं तापतं. बोटांची टोकं दुखतात. मी दर वर्षी येऊन विचारायचो, "झाला का नाही अजून?" आणि तू म्हणायचीस, "व्हईल." हे सगळं त्या एका शब्दाच्या मागे होतं. एकदा मला वाटलं, घरी जाऊन टांगून टाकावा, बघू काय होतं ते. नाही टांगला. आपलं भांडण तू जिंकलंस, बुबू. हे सांगायला फार उशीर झाला, पण जिंकलंस.

काल दुपारी तो उठला, ते वर लिहिलं. बदक गेलं होतं. चादरीत घालून मी आणि जैनबने तो उडवला. ती एका टोकाला, मी तुझ्या टोकाला. मला नीट जमत नव्हतं, चेंडू सारखे बाहेर पडत होते. उडवता उडवता ती थांबली. म्हणाली, जरा बसते. मला वाटलं दमली. बघतो तर तिचे ओठ निळे आणि चादरीचं टोक हातात थडथडतंय.

मी तिला आत नेलं, गोधडी घातली. दुसरी घातली. दात वाजायचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तू असताना तो या घरात झाला, मी नसताना. सरूकाकीला हाक मारून डॉक्टरांकडे पिटाळलं. मग मी ओट्यावर गेलो, चादरीतून कोट काढला आणि आत आणला.

जैनबने बघितलं आणि गोधडीतून हात काढून तो दूर केला. तुझ्यासारखाच. दात वाजत होते, तरी बोलली, "नको, नको तो. घामान भिजेल. आताच सुकलाय."

मी तो तिच्या अंगावर पसरला, गळ्यापर्यंत. म्हणालो, "भिजू दे. वाळवता येतो."

तिने दोन्ही हातांनी कोट हनुवटीखाली ओढून घेतला आणि डोळे मिटले. हळूहळू दात वाजायचे थांबले. पुढे ताप चढला, मग घाम फुटला, आणि तो कोट खरंच पार भिजला. डॉक्टर येऊन कोयनेल देऊन गेले. आज ती उठून बसली आहे, पेज प्यायली, आणि मी चुलीत लाकडं ओली घातली म्हणून माझ्यावर चिडली आहे. कोट परत कातळावर आहे. घरभर ओल्या बदकाचा वास आहे.

वैशाखात ओट्यावर तू हसत विचारलं होतंस, आनि मना थंडी वाजली तर? अंगावर घे, भिजला तर वाळवता येतो, एवढंच त्याचं उत्तर होतं. ते मला तेव्हाही येत होतं, बुबू.